जुना वाडा सरकारी पैशातून वाचवावा, संग्रहालयाचा निर्णय मात्र वेगळा घ्यावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नगरपरिषदेच्या हद्दीत एका समाजसुधारकाचा दीडशे वर्षांपूर्वीचा दोनचौकी, म्हणजे आत-बाहेर दोन चौक असलेला, वाडा आहे. वारसांपैकी बहुतेक जण तो नगरपरिषदेला द्यायला तयार आहेत. दुरुस्तीसाठी तीन कोटींच्या आसपास निधी मिळेल असा शब्द आमदारांनी दिलाय. आणि सभेत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, वाड्याचं संग्रहालय करू, गावाचं नाव होईल. दुसरा म्हणतो, गावात चार दिवसांआड पाणी येतं, अशा वेळी पडक्या वाड्यावर तीन कोटी कशाला? नगरसेवक म्हणून आपण मत कुठे द्यावं, हे तुम्हाला ठरवायचंय.

मी संवर्धनाचं काम करणारा वास्तुविशारद आहे. वीसेक वर्षांहून अधिक काळ वाडे, जुनी घरं, देवळं यांच्या दुरुस्तीची कामं केली. कधी पुरातत्त्व खात्यासाठी, कधी नगरपालिकांसाठी, कधी ट्रस्टसाठी. माझं मत आधीच सांगतो. दोन्ही तटांनी एक गोष्ट न तपासता धरून चाललीय, ती म्हणजे वाडा वाचवणं आणि संग्रहालय काढणं हे एकच काम आहे. ती दोन कामं आहेत. त्यांचा पैसा वेगळ्या ठिकाणाहून येतो, माणसं वेगळी लागतात, जोखीमही वेगळी असते. वाडा वाचवायला मी हात वर करेन. संग्रहालयाचा ठराव मात्र काही गोष्टी टेबलावर येईपर्यंत थांबवेन.

पाण्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो मनापासून मांडलेला आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाणं बरोबर नाही. दुरुस्तीचा निधी बहुधा जिल्हा नियोजन समिती, प्रादेशिक पर्यटन विकास योजना किंवा नगरपरिषदांना वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी मिळणारं अनुदान, यांपैकी कुठल्या तरी लेखाशीर्षाखाली, म्हणजे ठरावीक कामासाठीच्या सरकारी खात्यात, येईल. त्या शीर्षाखाली आलेला पैसा जलवाहिनीकडे वळवता येत नाही. आपण नाही म्हटलं तर तो दुसऱ्या तालुक्यातल्या घाटाला किंवा बागेला जाईल. म्हणजे दुरुस्तीपुरतं बोलायचं तर ‘पाणी की वाडा’ अशी लढत नाहीच. पण संग्रहालय सुरू झालं की पहारेकऱ्याचा पगार, वीजबिल, वाळवीची फवारणी हे सगळं नगरपरिषदेच्या स्वनिधीतून जाणार. घरपट्टीचा, गाळ्यांच्या भाड्याचा तो पैसा. पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त करायलाही तोच लागतो. त्यामुळे दुसऱ्या तटाचं म्हणणं दुरुस्तीच्या बाबतीत लागू पडत नाही, संग्रहालयाच्या बाबतीत मात्र अगदी खरं आहे. सभेत हा फरक समजावून सांगितलात तर अर्धं भांडण तिथेच मिटेल.

आता हिशेब. आकडे गावागणिक बदलतील, पण पद्धत तीच राहते. तालुक्याच्या गावात लहानसं संग्रहालय आठवड्यातले सहा दिवस उघडं ठेवायचं तर पाळीपाळीने दोन परिचर, एक रात्रीचा पहारेकरी आणि एक सफाई कामगार लागतो. कंत्राटी पगार महिना १५,००० धरला तरी वर्षाचे ७ लाख २० हजार झाले. वस्तूंची नोंद ठेवणारा, मांडणी बदलणारा, शाळांना फिरवून दाखवणारा एक शिकलेला अभिरक्षक हवा. त्याचे ३०,००० धरले तर ३ लाख ६० हजार. लाकूड, कौल आणि चुन्याच्या इमारतीच्या देखभालीसाठी मी दुरुस्तीखर्चाच्या २ टक्के रक्कम दर वर्षी बाजूला काढायला सांगतो. ३ कोटींवर ती ६ लाख होते. वीज, विमा, कीडनियंत्रण, छपाई, कार्यक्रम यांना ३ लाख. बेरीज जवळपास २० लाख, आणि ती दर वर्षी वाढत जाणार. उत्पन्नाच्या बाजूला २० रुपये तिकीट ठेवलं आणि वर्षातले ३०० दिवस रोज १०० माणसं आली, तर ६ लाख मिळतील. तालुक्याच्या गावात रोज १०० तिकिटं खपणं ही फार मोठी अपेक्षा आहे. शाळेच्या सहली आल्या तर मुलांना तुम्ही तिकीट लावणार नाही, आणि लावूही नये. तेव्हा १५ ते २० लाखांचा खड्डा दर वर्षी भरायची तयारी आहे का, हा सभेपुढचा खरा प्रश्न आहे.

हा खड्डा म्हणजे तोटा, असं मी म्हणत नाही. वाचनालय तोट्यातच चालतं, बागही तोट्यातच चालते, तरी आपण त्यावर खर्च करतो आणि करायलाच हवा. मुद्दा एवढाच की खर्च डोळे उघडे ठेवून मान्य करावा. उद्घाटनानंतर दोन अंदाजपत्रकांत ही तरतूद होते. तिसऱ्या वर्षी नवीन सभागृह येतं, रक्कम निम्म्यावर येते, अभिरक्षकाची जागा रिकामी राहते आणि किल्ली आरोग्य विभागाच्या कुठल्या तरी मुकादमाकडे जाते. मग पाहुणा आला की माणूस शोधायचा, त्याने कुलूप काढायचं, दिवे लावायचे. असं झालेली स्मारकं मी अनेक जिल्ह्यांत पाहिली आहेत. बंद लाकडी इमारत उघड्या इमारतीपेक्षा लवकर खराब होते. हवा खेळत नाही, गळती कोणाच्या लक्षात येत नाही आणि वाळवीला निवांतपणा मिळतो. म्हणजे पैशाअभावी बंद पडलेलं संग्रहालय शेवटी दुरुस्त केलेला वाडाही खाऊन टाकतं.

इंग्लंडमधल्या नॅशनल ट्रस्टचा या बाबतीतला दंडक मला फार शहाणपणाचा वाटतो. १८९५ मध्ये स्थापन झालेली ही संस्था शेकडो ऐतिहासिक घरं सांभाळते. कोणी घर फुकट देऊ केलं तरी त्याच्या कायमच्या देखभालीला पुरेल एवढा ठेवनिधी सोबत असल्याशिवाय ते स्वीकारायचं नाही, असं तिचं धोरण आहे. ती रक्कम काढायचं एक सूत्रही त्यांनी बसवलंय, ते चोर्ली सूत्र म्हणून ओळखलं जातं. आपल्याकडे शासनाचं अनुदान मुदतठेवीत ठेवता येत नाही, लेखापरीक्षणात लगेच आक्षेप येतो. कंपन्यांना समाजकार्यावर खर्च करावा लागतो तो सीएसआर निधी ऐतिहासिक इमारतींच्या दुरुस्तीला कायद्याने चालतो, पण तोही कामावरच खर्च व्हावा लागतो, ठेवीत टाकून चालत नाही. तेव्हा ठेवनिधी गावालाच उभा करावा लागेल: वारस, गावाबाहेर स्थिरावलेली मंडळी, स्थानिक पतसंस्था. वाड्याच्या दर्शनी बाजूला रस्त्याकडे तोंड करून गाळे असतील तर त्यांचं भाडं फक्त वाड्याच्याच देखभालीला वापरायचं, असा ठराव आत्ताच करून ठेवा. माझ्या अनुभवात हा उपाय सगळ्यांत टिकाऊ ठरलाय, कारण ते भाडं दर महिन्याला येतं आणि त्यासाठी कोणाच्या दारात जावं लागत नाही.

पैसा आहे असं धरलं, तरी प्रत्येक थोर माणसाच्या घराचं संग्रहालय व्हावं असं मला वाटत नाही. घर स्वतःच काहीतरी सांगणारं असेल तर ते दाखवण्यात अर्थ आहे. पुण्यात गंज पेठेतला महात्मा फुल्यांचा वाडा पाहा. इमारत साधी आहे. पण जोतीरावांनी १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला, तो याच आवारात. तिथे उभं राहिलं की त्या कृतीचा आवाका कळतो: घर कुठे, पाणी कुठे, शेजार किती जवळ. पुस्तक वाचून तो अंदाज येत नाही. मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात येऊन राहत. तिथली त्यांची खोली आणि १९३२ च्या जानेवारीत जिथून त्यांना अटक झाली ती गच्ची, ही दोन ठिकाणंच त्या घराचा गाभा आहेत. शिवाय तिथे चांगलं ग्रंथालय आहे, म्हणून पर्यटकांखेरीज अभ्यासकही येत राहतात.

उलट क्रमाने झालेली उदाहरणंही आहेत. पुण्याचं राजा केळकर संग्रहालय आधी संग्रह म्हणून जन्मलं. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्यं जमवली, वाडा त्या वस्तूंचं घर झाला आणि १९७५ मध्ये संग्रह राज्य शासनाकडे गेला. मालगुंडला केशवसुतांच्या घराचं स्मारक झालं ते कोकण मराठी साहित्य परिषदेच्या पुढाकाराने. घर सांभाळणारी, तिथे कवितेचे कार्यक्रम घेणारी माणसं आधीपासून होती, म्हणून ते स्मारक चालतं राहिलं.

तुमच्या वाड्याबद्दल म्हणूनच विचारतो. त्या समाजसुधारकाच्या हातचे कागद, पत्रव्यवहार, वापरातल्या वस्तू वारसांकडे शिल्लक आहेत का? असतील तर त्या नगरपरिषदेला देण्याबद्दल लेखी बोलणं झालंय का? त्यांच्या कामातली एखादी ठोस घटना त्या वाड्यातल्या ठराविक जागेशी जोडलेली आहे का: इथे शाळा भरली, इथे छापखाना होता, इथे सहभोजन झालं? या प्रश्नांना उत्तरं असतील तर संग्रहालयाला पाया आहे. नसतील तर फायबरचा पुतळा, पाठ्यपुस्तकातली माहिती छापलेले फलक आणि इंटरनेटवरून घेतलेले फोटो एवढंच उरेल. ते पाहायला गावातला माणूस दुसऱ्यांदा येणार नाही.

आता दुरुस्तीकडे वळतो. तीन कोटी तिथे खर्च व्हायचे आहेत आणि ते वाया जाण्याची भीतीही तिथेच जास्त आहे.

वाड्यात गेलात की एक गोष्ट स्वतः करून बघा. तळमजल्यावर तुळई जिथे भिंतीत शिरते ते टोक शोधा, खास करून ज्या भिंतीला पुढे कधी तरी सिमेंटचा गिलावा केलाय तिथे. वरून साग ठणठणीत दिसेल, रंगही असेल. पोपडे आलेला गिलावा बोटभर खरवडा आणि लाकडात पेचकस टोचून पाहा. चांगल्या सागात तो पाव इंचही जात नाही. कुजलेल्या टोकात तो जोर न लावता मुठीपर्यंत जातो आणि बाहेर काढला की टोकाला काळपट ओला भुसा चिकटून येतो. याचं कारण सिमेंट. जुनी भिंत माती आणि विटांची, तिला चुन्याचा किंवा मातीचा लेप. जमिनीतली ओल भिंतीत थोडी चढायची आणि लेपातून बाहेर पडून वाळून जायची. गेल्या पन्नास वर्षांत कोणी तरी ‘मजबुती’ म्हणून कमरेपर्यंत सिमेंट लावलं. ओलीची वाट बंद झाली, ती आणखी वर चढली आणि तुळईच्या टोकाशी येऊन थांबली. अशा वाड्याला पुन्हा सिमेंटचाच गिलावा आणि वर महागडा रंग दिला, तर दहा वर्षांत माळा खचतो. बिलं मात्र दुरुस्तीची निघालेली असतात.

नीट दुरुस्ती म्हणजे आधी छप्पर आणि पाण्याचा निचरा. कौलं उतरवून वासे, रिपा, आढं तपासायचं, पन्हळी बसवायच्या, चौकातलं पाणी जिथून बाहेर जायचं ती जुनी मोरी शोधून मोकळी करायची. मग सिमेंट उतरवून भिंती एक उन्हाळा वाळू द्यायच्या. कुजलेलं टोक तेवढंच कापून तिथे जुन्या सागाचा सांधा द्यायचा. अख्खी तुळई बदलायची गरज फार कमी वेळा पडते. शेवटी चुना. चांगला चुना भिजवून मुरवावा लागतो, वाळू आणि सुरखीसोबत (विटांच्या भुकटीसोबत) चुन्याच्या घाण्यात मळावा लागतो. आमचे गवंडी त्यात गुळाचं आणि बेलफळाचं पाणी घालतात. लावल्यावर तो अनेक दिवस ओला ठेवावा लागतो आणि भर पावसात हे काम होत नाही. म्हणजे अशा वाड्याला दोन उन्हाळे तरी लागतात, घाई करून हे काम उरकत नाही.

इथेच सरकारी पैशाचं वेळापत्रक आडवं येतं. प्रशासकीय मान्यता दिवाळीनंतर, निविदा जानेवारीत, कार्यारंभ आदेश फेब्रुवारीत आणि खर्च ३१ मार्चच्या आत. पाच आठवड्यांत चुना मुरत नाही, पण पेव्हर ब्लॉक बसतात, ग्रॅनाइट बसतं, कमान उभी राहते, दिव्यांची रोषणाई होते. म्हणून अशा कामांत आधी कमान दिसते आणि छप्पर गळतंच राहतं. ठेकेदाराला दोष देऊन हे सुटणार नाही, त्याला मुदतच तशी मिळालेली असते. तुम्ही नगरसेवक म्हणून हे बदलू शकता. काम टप्प्यांत मंजूर करून घ्या. पहिला टप्पा लहान ठेवा: मोजमापाचे नकाशे, प्रत्येक खोलीची छायाचित्रं, लाकडाची तपासणी, ताडपत्री, टेकू आणि छप्पर. गिलावा उतरल्यावर आत काय निघेल ते आधी कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी केलेलं तीन कोटींचं पूर्ण अंदाजपत्रक हा अंदाजच असतो. पहिल्या टप्प्यानंतर केलेलं अंदाजपत्रक बरंच खरं निघतं आणि पुढे सुधारित मान्यतेसाठी मंत्रालयात खेटे घालावे लागत नाहीत.

निविदेबद्दल थोडक्यात. बांधकाम विभागाच्या दरसूचीत चुन्याची, जुन्या सागाच्या सांध्याची, नळीच्या कौलांची कामं नीट बसत नाहीत. अशा बाबींचं दरपृथक्करण, म्हणजे साहित्य आणि मजुरी मांडून काढलेला दर, वेगळं करून घ्या, नाहीतर अंदाजपत्रक तयार करणारा अभियंता सोय म्हणून सिमेंटचीच बाब उचलेल. निविदेच्या तांत्रिक लिफाफ्यात, म्हणजे दराआधी ठेकेदाराची पात्रता तपासतात त्या भागात, चुना आणि लाकडाचं काम केल्याचे दाखले अनिवार्य करा. सगळ्यांत कमी दर भरणाऱ्याला काम द्यायची पद्धत तुम्ही मोडू शकणार नाही, पण स्पर्धेत कोण उतरू शकेल हे अटींतून ठरवता येतं. संवर्धनाचा सल्लागार ठेकेदाराकडून नेमला जाऊ नये, त्याची नेमणूक आणि फी नगरपरिषदेकडून व्हावी. हे मी माझ्या व्यवसायाची बाजू घेऊन म्हणतोय असं वाटेल. पण ज्याने काम तपासायचं त्याला पैसे ते काम करणाऱ्याकडून मिळाले, तर तपासणीला अर्थ राहत नाही.

मालकीचा मुद्दा मोठा आहे. एक जरी वारस तयार नसेल तर शासनाचा रुपयाही त्या वाड्यावर लावू नका. नोंदणीकृत बक्षीसपत्र किंवा दीर्घ मुदतीचा करार आणि मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नगरपरिषदेचं नाव, हे आधी. वाड्यात भाडेकरू असतील तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ खाली त्यांचे हक्क आहेत. त्यांच्याशी आधी बसा, त्यांना पर्याय द्या. पुण्याच्या भिडे वाड्याचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. १८४८ मध्ये फुले दांपत्याने जिथे मुलींची शाळा सुरू केली, ती वास्तू ताब्यात घेण्याचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात चालला आणि तोवर वाडा मोडकळीला आला. अखेर डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडण्यात आला. तिथे आता नवं राष्ट्रीय स्मारक होईल, ते भव्यही होईल, पण मुलींनी ज्या जिन्यावरून ये-जा केली तो जिना आता कोणालाच पाहता येणार नाही. उशीर हाही खर्चच आहे, तो अंदाजपत्रकात दिसत नाही एवढंच.

वापर बदलण्याची परवानगीही अशीच नजरेतून सुटते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोड हे घर विकत घेतलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी असताना १९२१-२२ मध्ये तिथे राहत होते. ते घर घ्यायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती वस्ती राहत्या घरांची. तिथल्या कॅम्डेन कौन्सिलने संग्रहालय म्हणून वापरायला परवानगी नाकारली, शेजाऱ्यांनी हरकती घेतल्या, सार्वजनिक चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या पातळीवरून मंजुरी मिळाली. एवढ्या मोठ्या शासनाला जिथे पाच वर्षं झगडावं लागलं, तिथे आपण आपल्या विकास आराखड्यात वाड्याच्या जागेवर काय आरक्षण आहे, रस्तारुंदीची रेघ ओसरीवरून जाते का, हे आधी पाहिलेलं बरं. रुंदीकरणाची रेघ हा तर जुन्या पेठांतल्या वाड्यांचा कायमचा शत्रू आहे. ती असेल तर आराखड्यात फेरबदलाचा प्रस्ताव दुरुस्तीच्याही आधी जायला हवा. वाडा गावाच्या वारसा यादीत घालण्याचा प्रस्तावही त्याच्यासोबत द्या.

मग संग्रहालय नाही तर काय? वाडा टिकतो तो रोजच्या वापराने. पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधला. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली, १८७९ च्या आगीत त्याचा मोठा भाग जळाला, तो पुन्हा उभा राहिला, पुढे तिथे नगरपालिकेची कचेरी आली, टपाल कार्यालय आलं. प्रत्येक पिढीने त्याला काही ना काही काम दिलं, म्हणून महानगरपालिकेला नंतर त्याचं संवर्धन करता आलं. तुमच्या वाड्याच्या बाहेरच्या चौकाभोवती मुलांची अभ्यासिका आणि वाचनालय करा. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत बसतात. दारं-खिडक्या उघड्या राहतात, कुठे गळलं तर त्याच दिवशी कळतं. माजघर आणि आतला चौक त्या समाजसुधारकाच्या आठवणीसाठी राखा: दोन-तीन खोल्या, मोजक्या खऱ्या वस्तू, नीट लिहिलेला मजकूर. खर्च वीस लाखांवरून निम्म्याखाली येतो आणि वाड्यात रोज माणूस असतो. समाजासाठी झटलेल्या माणसाच्या घरात मुलं अभ्यास करताहेत, यापेक्षा योग्य स्मारक मला तरी सुचत नाही. अभ्यासिकेच्या टेबलांसाठी भिंती पाडायच्या नाहीत, आणि शौचालयं मूळ वाड्याच्या बाहेर, मागच्या परसात बांधायची, एवढ्या दोन अटी मात्र पाळाच.

पुढे संग्रह वाढला, कागद मिळाले, पैसे आले, तर संग्रहालय मोठं करता येईल. तेव्हा ते चालवण्यासाठी नगरपरिषदेने स्वतंत्र विश्वस्त मंडळ नेमावं. मुंबईच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं उदाहरण घ्या. १८७२ पासूनचं हे संग्रहालय महापालिकेच्या मालकीचं आहे. २००३ मध्ये महापालिका, वारसा संवर्धनाचं काम करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, इमारत आणि वस्तू दोन्हींचं संवर्धन झालं आणि २००८ मध्ये ते पुन्हा उघडलं. मालकी लोकांची राहिली, पण रोजचा कारभार त्या विषयाची माणसं बसलेल्या विश्वस्त मंडळाकडे गेला. तुमची नगरपरिषद लहान आहे, पण हीच घडी लहान प्रमाणात बसवता येते: नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, वारसांपैकी एक, गावातला इतिहासाचा एक शिक्षक, एक संवर्धनतज्ज्ञ.

तेव्हा सभेत एकाऐवजी दोन ठराव मांडा. पहिल्यात वाडा ताब्यात घेणं, वारसा यादीत घालणं, रस्त्याची रेघ सरकवणं आणि टप्प्याटप्प्याने दुरुस्ती. त्यात गाळ्यांचं भाडं वाड्यासाठी राखीव ठेवण्याचं कलमही घाला. दुसरा ठराव वापराचा: आत्ता अभ्यासिका आणि स्मृतिदालन, आणि संग्रहालयाबद्दल एक वर्षाने अहवाल. पाण्याची बाजू मांडणाऱ्या सदस्यांना पहिल्या ठरावाला विरोध करायला कारण उरणार नाही, आणि दुसऱ्या ठरावातला खर्च त्यांच्यासमोर आकड्यांत असेल. सभेआधी मिळकत पत्रिकेची प्रत, विकास आराखड्याचा त्या भागाचा नकाशा आणि तुळईच्या टोकांचे, छपराच्या आतल्या बाजूचे फोटो मिळवा. ते पाहायला मिळाले तर पहिल्या टप्प्याचा खर्च किती धरावा आणि या पावसाळ्यापूर्वी टेकू नेमके कुठे द्यावे लागतील, हे मी जास्त नेमकेपणाने सांगू शकेन.